संमोहन म्हणजे देवस्की नव्हे

महोदय,

कांदा सफरचंद म्हणून खायला लावणारे खेळ पाहिलेल्या आमच्या कोकणात संमोहन म्हटले की लोक हसतात, नाहीतर देवस्कीची शंका घेतात. उपचारातले संमोहन वेगळे. होडीची धास्ती घेतलेल्याला सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, भीतीचे विचार तपासायला शिकवतात. संमोहनात शांत मनाने तीच खाडी ओलांडल्याची कल्पना करवतात. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्श आणि सहकाऱ्यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सीबीटीला संमोहनाची जोड दिल्यास सरासरी फायदा नुसत्या सीबीटीपेक्षा जास्त दिसला. पण करणारा प्रशिक्षित हवा, फलक लावून बसलेला कुणीही नव्हे. आणि खरी अडचण हीच. मनोरुग्णालय रत्नागिरीला, देवगड-वेंगुर्ल्याच्या माणसाने दर आठवड्याला एसटीने तिथवर जायचे? आधी तालुक्याला एक मानसशास्त्रज्ञ द्या, संमोहनाचे मग बघू.

– एक वाचक, मालवण