आजीच्या पावसाच्या वह्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

बिल्डिंग रिकामी करायची तारीख लागली, असं आई परवा फोनवर म्हणाली. माळा उपसायला तुम्ही चढू नका, शनिवारी मी येतेय. तोवर एवढंच करा, आजीच्या पावसाच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका.

वर्षश्राद्धाला जो तो म्हणत होता, फार मायाळू, हाताला काय चव होती! खोटं नाही ते. तिच्यासारखी डाळिंब्यांची उसळ मला अजून जमत नाही. पण निवृत्त होईपर्यंत ती सिमला ऑफिसात उपकरणं तपासत होती, हे कुणाच्या तोंडून आलं नाही. मला ते फार लागलं.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, पुण्यात सिमला कुठून आलं? हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं, तेव्हापासून हे नाव, असं तिनं चौकात उभं राहून सांगितलं होतं. ती नोकरीला लागली तेव्हा तिथं हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी होत्या. आजी त्यांना कायम ‘मिस मणी’च म्हणायची. बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्याकडे हिऱ्यांवर संशोधन करून त्यांनी प्रबंध लिहिला, पण एम.एस्सी. नव्हती म्हणून डॉक्टरेट नाकारली गेली. १९४८ साली पुण्यात आल्या आणि उपकरणं इथल्या इथं बनावीत म्हणून जवळजवळ १०० उपकरणांची प्रमाणित ड्रॉइंग्ज त्यांनी तयार करवून घेतली. आपली आजी त्या माणसांत वाढली, बाबा. चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडावी, ही शिस्त तिनं तिथूनच घरी आणली.

तुम्हाला पावसाच्या वहीतलं ते पान आठवतं का? तुमच्या जन्माच्या आठवड्याचं? ती दवाखान्यात, बाहेर जुलैची झड. आजोबांनी कौतुकानं अंदाजे आकडे भरून ठेवले होते. घरी आल्यावर तिनं ते एकेक रेघ मारून खोडले आणि समोर लिहिलं, ‘मोजले नाही’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘मुलगा झाला’. आधीच्या वह्या १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेतल्या घराबरोबर पानशेतच्या पुरात गेल्या, म्हणून उरलेल्या वह्या त्या वर्षीच्या ऑगस्टपासून सुरू होतात. पूर ओसरल्यावर घर उभं करायचं होतं, तरी तिनं भांड्यांच्या आधी नवं पर्जन्यमापक मिळवलं, असं आजोबा सांगायचे.

सकाळी साडेआठला मापनपात्र डोळ्यांसमोर धरायचं आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड वाचायची. मी वरून वाकून वाचलं की ती माझी हनुवटी धरून खाली आणायची. साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्याच सकाळच्या तारखेला लिहायचा. शेजारच्यांचा आंबा वाढला तेव्हा तिनं यंत्र गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, कारण अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवा. माझा ताप बघतानाही थर्मामीटर खिडकीपाशी नेऊन ती दोनदा वाचायची आणि मगच कपाळावर हात ठेवायची. तिची माया आणि तिचं मोजणं मला कधी वेगळं काढता आलं नाही, आणि तिची आठवण काढताना कुणी ते वेगळं काढू नये असं मला वाटतं.

बाबा, वह्यांतली पानं ठिसूळ झाली आहेत, दोरा लावून बांधू नका. सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा. आल्यावर मी एकेक पान स्कॅन करीन. पुढेमागे हे आकडे वेधशाळेला उपयोगी पडतील का, ते मी त्यांच्याकडे चौकशी करून बघते. आई, तिच्या हाताखाली तूच सगळ्यात जास्त सकाळी गच्चीवर गेलीस, तेव्हा समासातल्या खुणांचा अर्थ तुलाच सांगावा लागेल.

भाड्याच्या फ्लॅटला वर मोकळी गच्ची आहे का, तेवढं विचारून ठेवा. जूनच्या आत यंत्र बसवायला हवं. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची,
धाकटी