रविवारी रोल धुवायला बसू

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, नेहमीच्या खोलीत. कॅमेऱ्यातल्या फिल्मचा कृष्णधवल रोल घरी कसा धुवायचा ते पहिल्यापासून करून पाहू.

येताना एक वाया गेलेला रोल नक्की आणा. तो आधी उजेडात, मग डोळे मिटून रीळावर, म्हणजे धुताना फिल्म गुंडाळून ठेवायच्या चकरीवर, चढवायचा; हात बसल्यावरच अंधारात खरा रोल. माझ्या पहिल्या रोलचे वेढे एकमेकांना चिकटले आणि राजवाड्याच्या फोटोंवर दुधाळ डाग राहिले, म्हणून हा आग्रह.

इंदुरात सध्या नळालाही कोमट पाणी येतंय आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, तर २० अंशांवर हवा. बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवू. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. वापरलेला फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. तो कॅनमध्ये साठवू.

हातमोजे ज्याचे त्याने आणावेत.