खारीक, नदी आणि तू

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. खारीकने पाण्यात सूर मारला आणि तू नावेच्या काठावर ओणवी झालीस. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. नदीबद्दल बोलणार नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून कुत्रीबद्दलच लिहितो.

बागेत सगळे तिला कॉकर स्पॅनियल म्हणतात, असं म्हणालीस ना? इथेही तेच. खालच्या भाऊसाहेबांना फोटो दाखवला तर म्हणाले, "कॉकरच की." जन्मभर प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासलेला माणूस मी, असा बरा सोडेन! फोटो मोठा करून बघायला लावला. अंगभर एकच चॉकलेटी रंग, पांढरं काही असलंच तर छातीवर थोडंसं. डोळे पिवळसर. पाय कॉकरपेक्षा उंच, तोंड लांबट. केस दाट कुरळे आणि शेपूट लांब असती, तर विस्कॉन्सिनचा अमेरिकन वॉटर स्पॅनियल म्हटलं असतं. हा बॉयकिन स्पॅनियल. भाऊसाहेबांना पटलं.

साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या चर्चपाशी सापडलेलं भटकं कुत्रं, अलेक्झांडर व्हाइट यांनी त्याचं नाव डम्पी ठेवलं आणि कॅम्डेनकडे मित्राकडे, व्हिट बॉयकिनकडे धाडलं. तिथून ही जात उभी राहिली. साउथ कॅरोलायनाने १९८५ साली तिला राज्याचा कुत्रा म्हणून मान दिला, पण अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळायला २००९ उजाडलं. वॉटरी नदीवर छोट्या नावांतून शिकार चालायची, मोठं कुत्रं त्यांत मावायचं नाही. म्हणून अकरा ते अठरा किलोचं, नाव न डगमगवणारं कुत्रं त्यांनी घडवलं. कुत्री नाव डगमगवत नाही गं, पण तू वाकलीस की ती डगमगते.

आलोच शेवटी तिथे.

२००८ चा नाशिकचा, गोदावरीचा पूर तुला किती आठवतो? दुतोंड्या मारुती बुडाला होता, सराफ बाजारात पाणी होतं. पाणी ओसरताना मी तुला गंगेवर घेऊन गेलो. पायऱ्यांवर सगळा चिखल, आणि खालच्या पायरीवर एक पिल्लू कुंईकुंई करत होतं. माझ्या हातातून तुझा हात कधी सुटला ते कळलंच नाही. फ्रॉकचा मागचा बंद माझ्या बोटांत आला म्हणून बरं. पिल्लू तू सोडलं नाहीस. मोत्या म्हणजे तोच. तू अजून तीच आहेस, म्हणून जीव टांगणीला लागतो. पोहायला शिकायचं अर्ध्यावर सोडलंस, त्याला मी काय करू?

आणखी एक. या जातीत जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडून कोसळण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. डीएनए तपासणी होते, ती करून घे. नितंबाचे सांधे आणि हृदयही दाखव. पाण्यातून आली की कान आतून कोरडे कर, लोंबत्या कानांत ओल राहिली की दुखणं लागतं. आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत तिला खोल पाण्यात सोडू नकोस. भर नदीत तिचे पाय गेले तर तू मागचा पुढचा विचार न करता उडी टाकशील, हे मला माहीत आहे.

फार बोललो. रागावू नकोस. परक्या मुलखात एकटी राहून तू एका जिवाचं सगळं करतेस, नोकरी सांभाळून. हे मी इथे भेटेल त्याला सांगतो, तुलाच सांगायचं राहून जातं.

जॅकेट दोन घे, कुत्र्यांच्या मापाचंही मिळतं. पैसे मी पाठवतो, नाही म्हणू नकोस. आत्याचा गुडघा बराय. मेतकूट आणि चिवडा सोमवारी कुरिअरने निघेल. शनिवारी पोहण्याच्या क्लासची चौकशी करून फोन कर, आई झोपायच्या आत.

तुझे,
बाबा