मिस्त्रीनू, पावस सरलो. पैसे कधी नेताय?

मिस्त्रीनू, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही ग्राइंडर चालू करता, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, घातलं तर भांडायला याल. मालवणात पत्र्याचं काम ज्यांनी करून घेतलंय ते ओळखतीलच.

मे संपता संपता आमची पिकअप तुमच्या शेडात आली, तेव्हा क्लचच्या खालून रस्ता दिसत होता. आमचा धाकटा त्या भोकातून कसाल रोडवरचे पांढरे पट्टे मोजायचा. आम्हीही हसायचो. मग एका पहाटे फोंडाघाटात ह्यांनी ब्रेक दाबला आणि सीट एका अंगाला कलली. बोल्ट शाबूत होता, तो ज्यात बसतो तो पत्राच उरला नव्हता. हसणं तिथे संपलं.

तुमच्याआधी दोघांना दाखवली होती. एक म्हणाला, भंगारात घाला. दुसरा म्हणाला, संध्याकाळपर्यंत वरून पत्रा मारतो, खालून डांबर फासतो, कळणार पण नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. रबराची मॅट उचललीत, खालचा फोम पिळलात, तर त्यातून मासळीच्या वासाचं पाणी गळलं. मग छोटी हातोडी घेऊन केबिनभर टकटक करत फिरलात. टणक आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की खडूची खूण. भोक माझ्या पंजाएवढं होतं आणि खडूची रेघ ड्रायव्हरच्या दारापासून माझ्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत गेली. म्हणालात, "पत्रो कुजलो हा, चासी नाय. भंगारात घालूक कोणी सांगल्यान?"

माझ्या बाजूचा कोपरा का सडला ते मला ठाऊक होतं. हौद्यात जागा संपली की बर्फातला एक टब माझ्या पायाशी, अशी 13 वर्षं काढली आम्ही. वितळलेलं खारं पाणी मॅटखाली जायचं आणि तिथेच मुरायचं. तळाला पाणी जायची भोकं असतात, त्यांत रबरी बुचं असतात, आणि ती खवल्यांनी नि वाळूनं कधीच बुजलीत, हे मी तुमच्याकडेच पहिल्यांदा पाहिलं.

आणि ती ॲल्युमिनियमची चेकर प्लेट! तीन वर्षांपूर्वी ह्यांनी हौसेनं रिवेट मारून बसवली होती. तुम्ही ती उपटलीत तर रिवेटच्या भोवती पांढरी पूड, आणि खाली मूळचा पत्रा बिस्किटासारखा. तुम्ही सांगितलंत, दोन जातीच्या धातूंमध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि प्लेटच्या खाली ओल अडकते ती लोखंड खाते. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून पुढे जोडलंत, "काम सुबक केलेला हा." तेवढं खोटं चालतं.

खरं सांगते, सुरुवातीला मला तुमचा राग यायचा. मासेमारीची बंदी 1 जूनला लागते, 31 जुलैला सुटते, तेवढ्यात गाडी हवी होती, आणि तुम्ही चार दिवस नुसतं कापतच होतात. बॅटरी सोडवली, सीट काढल्या, दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाचला. तो कशाला ते मला नंतर कळलं: तळ कापल्यावर केबिन वाकली की दारं बसत नाहीत. मी म्हटलं, गॅल्व्हनाइज्ड पत्रा घाला ना, गंजणार नाही. तर म्हणालात, त्याच्या वेल्डिंगचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. मग साधा 18 गेजचा आणला, सीटच्या बोल्टाखाली मात्र जाड. आधी पुठ्ठ्याचं माप, मग पत्रा. अँगलवर ठोकून त्यात जुन्या तळासारख्या नाळ्याही काढल्यात. मला वाटलं शोभेसाठी. तुम्ही सपाट तुकडा हातात देऊन दाबायला लावलात, मग नाळीचा. पुन्हा विचारलं नाही.

सीओटू वेल्डिंगचे टाके तुम्ही एक इथे, एक तिथे, वीतभर सोडून घालत होतात. मी म्हटलं, सरळ ओढत का नाही? सरळ ओढला तर तापून पत्रा पापडासारखा वळेल, एवढंच उत्तर. तुमचा पोरगा बाजूला पाण्याची बादली नि ओलं गोणपाट घेऊन बसलेला. डिझेलची नळी आधीच काढून ठेवली होती तरी.

सगळ्यात मोठं भांडण प्रायमरवरून. बाहेर धो धो पाऊस, आणि तुम्ही म्हणताय, हवेत एवढी ओल असताना रंग धरणार नाही. मग सगळं घासून तरी ठेवा, म्हटलं मी. तुम्ही सकाळी घासलेला एक कोपरा दाखवलात, संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक आली होती. म्हणून जेवढं त्या दिवशी रंगवता येईल तेवढंच घासायचं, हॅलोजन लावून सुकवायचं, मगच पुढचा तुकडा. सांधे सीलरनं भरलेत, अंडरकोटिंग, म्हणजे तळाला खालून फासायचा जाड थर, शेवटी. गंजावर ते फासलं असतं तर ओल आतच कोंडली असती, हे दुसऱ्या गॅरेजवाल्याला कोणी सांगायचं?

ब्रेकच्या पायपाचं मात्र विसरणं शक्य नाही. तळ उघडल्यावर तो खवल्या खवल्यांचा झालेला तुम्हाला दिसला. ह्यांना हाताला धरून खाली वाकवलंत, दाखवलंत, आणि "ह्या काम माझा नाय" म्हणून ब्रेकवाल्याकडे पाठवलंत. तो बदलल्याशिवाय चावी दिली नाहीत. घाटात आम्ही तिघं असतो, मिस्त्रीनू.

हिशेबाच्या वेळी तुम्ही दोन हजार मागे ठेवलेत. "पावस जावंदे, केबिनीत पाणी इला नाय तर मगे दिया."

दसरा झाला. काचेचं रबर बदललं, बुचं दर रविवारी मी स्वतः काढून धुते, टब आता हौद्यातच. मॅट चिकटवलेली नाही. आज सकाळी उचलून हात फिरवला, हाताला धूळ लागली, कोरडी. दोन हजार डब्यात वेगळे ठेवलेत. शुक्रवारी सुरमई यायची आहे, तेव्हा वहिनींना सांगून ठेवा, त्या दिवशी जेवण आमच्याकडे. आणि ग्राइंडर घरी ठेवून या.