पर्वरीच्या चित्रदालनातल्या त्या तिघांना

पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं बघायला आईला घेऊन गेलो होतो. तिथे ज्यांनी मदत केली त्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथेच मनापासून आभार.

आईचे गुडघे दुखतात हे न सांगता ओळखून खुर्ची आणणारे, आणि ती एकेका चित्रासमोर सरकवत राहणारे सुरक्षारक्षक काका, तुमचे फार उपकार आहेत. आणि अभ्यासाला आलेली ती विद्यार्थिनी! आपली वही मिटून ती आईशेजारी जमिनीवरच बसली. फोन्सेका आपल्या गोव्यातल्या जुवे बेटाचे, जन्म १९०२ चा, शांतिनिकेतनात शिकले, येशूच्या आईला, मेरीला त्यांनी चित्रांत साडी नेसवली, आपल्या बायकांसारखी सावळी रंगवली. गोव्यात अनेकांना ते रुचलं नाही, तरी पुण्यात राहून ते रंगवत राहिले. कोकणी-मराठी मिसळून तिने हे असं सांगितलं, की आई स्वतःच प्रश्न विचारू लागली. (एरवी ती चित्रांपुढून गप्प निघून जाते.) मुली, तू उत्तम शिक्षिका होशील.

डिचोलीच्या बसपर्यंत आम्हाला स्वतःच्या गाडीने सोडणाऱ्या बाईंनाही, देव बरें करूं.