नर्मदेचं पाणी आणि नानांचा पंचा

रामबाग, इंदूर

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

नव्या गाडीचे फोटो पाहिले. रंग फार छान आहे. किल्ली खिशातच राहते, बटण दाबलं की गाडी सुरू, आवाजसुद्धा नाही, असं तू फोनवर सांगत होतास आणि मला नानांचा हात दिसत होता, चोक ओढणारा. "गप्प का झालीस?" विचारलंस. तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा रस्त्यावर अजून अँबॅसेडर आणि फियाटच जास्त. मारुती 1983 च्या डिसेंबरात आली होती, पण आपल्या गल्लीत तिची नवलाई होती. सुनेला गाडी शिकवणारे सासरे तेव्हा किती असतील? नानांनी शिकवली. स्टिअरिंगपाशी बसवण्याआधी आठ दिवस त्यांनी मला फक्त चोक शिकवला. चोक ओढला की कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि गार इंजिन पेट घेतं. मग ते तापेल तसा चोक हळूहळू आत ढकलायचा. घाई केली की गाडी बंद, उशीर केला की काळा धूर. "कान दे, ती सांगते," एवढंच नाना म्हणायचे. डिसेंबरच्या थंडीत अंगणात उभं राहून मी कान द्यायला शिकले.

गिअर स्टिअरिंगच्या बाजूला होता, त्यामुळे पुढची सीट सलग. तू मधे बसायचास, नानांना आणि मला चिकटून. दाराच्या काचेपुढे ती छोटी तिकोनी काच होती ना, तिची कडी उघडून काच फिरवली की वारा थेट तुझ्या तोंडावर यायचा आणि तू डोळे मिटून घ्यायचास. पट्टे मात्र नव्हते. ब्रेक लागला की माझा हात आपोआप तुझ्या छातीवर जायचा. तो हात किती पुरला असता, हे आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. तुझ्या गाडीत एअरबॅग आहेत याचं मला खरंच समाधान आहे.

भेरूघाट तुला आठवत नसेल, चार वर्षांचा होतास. मे महिना, ओंकारेश्वरहून परतत होतो. निमाडच्या उन्हातून वर माळव्याकडे चढताना गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. नानांनी बॉनेट उघडलं, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपावर बोट टेकवून लगेच मागे घेतलं. त्या काळी पंप इंजिनलाच बसवलेला असे. चढणीत इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ काही त्याला ओढता येत नसे. पंप गार करणं एवढाच उपाय. पण प्यायचं पाणी तर तूच संपवलं होतंस. उरला होता आजींनी देवघरासाठी भरून घेतलेला नर्मदेच्या पाण्याचा डबा.

नानांनी मागितलं नाही. आजींनीच डबा पुढे केला. "तहानलेल्याला पाणी देताना विचारायचं नसतं," म्हणाल्या. नानांनी खांद्यावरचा पंचा त्यात भिजवला, पिळला आणि पंपाभोवती गुंडाळला. बारीक चर्र आवाज झाला. पंचा वाळला की पुन्हा भिजवायचा. असं चार-पाच वेळा. तू वाकून बघत होतास, नानांनी तुझ्याही कपाळाला ओला पंचा लावला. वीसेक मिनिटांनी गाडी सुरू झाली तेव्हा आजींनी बॉनेटला नमस्कार केला. डब्यात तळाशी राहिलेलं पाणी त्यांनी घरी आल्यावर देवापुढे ठेवलं.

पुढे पेट्रोल गाड्यांचा पंप टाकीतच गेला, तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. तुझ्या गाडीत तर पेट्रोलच नाही. हे चांगलंच झालं, मी काही ते दिवस परत मागत नाही. पण घरातली चारही माणसं एका पंपाभोवती वाकून उभी आहेत, कुणी कुणावर चिडलेलं नाही, असं दृश्य मला पुन्हा दिसलं नाही. फोनवर मी त्यासाठी गप्प झाले होते.

दिवाळीला येशील तेव्हा रामबागेत एक चक्कर मला मारू दे. नानांच्या गाडीनंतर मी हातात स्टिअरिंग धरलेलं नाही. पोहे करून ठेवते, वर घालायला जिरावन मसाला आणि शेव आणलेली आहे. मानपूरचा घाट चढलास की फोन कर. तुझी गाडी अशी थांबणार नाही हे माहीत आहे, तरी कर.

तुझी
आई