जुन्या फर्निचरसाठीचा रंग आणि ‘जास्तच जुनं’ फर्निचर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: खुर्च्यांसाठीचा तुमचा रंग-कापड संच

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. संच तुमचाच आहे: जुन्या खुर्च्यांना लावायचा पांढरा रंग आणि त्यांच्या बैठकांसाठी नवं कापड.

डब्यावर ठळक छापलंय: ‘घासायला नको, प्रायमर नको’, म्हणजे रंगाखाली अस्तराचा थरही नको. माझ्या खुर्च्या गडद लाकडाच्या, चकचकीत पॉलिशच्या. सूचनांप्रमाणे पुसल्या, सुकू दिल्या, रंग लावला. पहिला हात सुकतो न सुकतो तोच पांढऱ्यावर पिवळट-तपकिरी डाग. दुसऱ्या हाताखाली ते गेले असं वाटलं. सकाळी पुन्हा हजर. लाकडातलं टॅनिन, म्हणजे डाग पाडणारं नैसर्गिक द्रव्य, पाण्यावर आधारित रंगातून वर येतं आणि ते अडवायला खाली शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर लागतो, हे रंगाऱ्याला ठाऊक असतं. रंग बनवणाऱ्या कंपनीला नसेल? शिवाय गुळगुळीत पॉलिशवर न घासता रंग धरणार कशाला? रंगाला नख लागलं तरी पोपडा निघतो.

पुढे कापड. ‘२४ तासांनी बैठक बसवा’ असं तुमच्याच पत्रकात आहे. नवं कापड स्टेपल करून बैठका चौकटीत बसवल्या. आठवड्याने एक उचलली तर कापड चौकटीला चिकटलेलं, आणि त्याच्यासोबत रंगही सोलून आला, थेट जुन्या पॉलिशपर्यंत. रंग वरून सुकणं वेगळं आणि आतून पक्का होणं वेगळं. पाण्यावर आधारित रंगाला कडक व्हायला ३-४ आठवडे लागू शकतात. रंग तुमचा, कापड तुमचं, २४ तासही तुमचेच.

आता तो फोन. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, आधी पॉलिश पेपर मारला होता का?” म्हटलं, डब्यावर ‘घासायला नको’ लिहिलंय. “ते कोऱ्या लाकडासाठी असतं मॅडम.” म्हटलं, डब्याच्या नावातच ‘जुन्या फर्निचरसाठी’ आहे. मग बराच वेळ संगीत. (तेवढं चांगलं होतं.) परत येऊन म्हणाला, “तुमचं फर्निचर जरा जास्तच जुनं असेल.” किती जुनं चालतं, असं विचारलं. “तसं काही लिहिलेलं नाही मॅडम.” आणि मग अगदी आपुलकीने, “तुम्ही नवीनच का नाही घेत?”

नवीनच घ्यायचं होतं तर तुमचा डबा कशाला घेतला असता? जुन्या वस्तूला नवं रूप द्या म्हणून जाहिरात करायची, आणि रूप आलं नाही की वस्तूचं वय काढायचं! फोन ठेवल्या ठेवल्या निरोप आला, ‘आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे.’ कोणाचं झालं, तेवढं कळवा.

वाईट याचं वाटतं की आमच्या भिंतींना वर्षानुवर्षं तुमचाच रंग आहे, आणि त्याबद्दल कधी तक्रार करावी लागली नाही. त्याच नावावर विसंबून हा संच घेतला. आता शेजारीपाजारी विचारतात तेव्हा मी खुर्चीच दाखवते.

संचाचे पूर्ण पैसे परत हवेत. हा रंग खरवडून पुन्हा मूळ लाकडापर्यंत जायचा खर्चही हवा, कारण घासायला नको म्हणणाऱ्या तुमच्या डब्यामुळे आता सगळंच घासावं लागणार आहे. आणि ‘प्रायमर नको’ हे डब्यावरून काढा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर डबा, पत्रक आणि सोललेल्या चौकटींचे फोटो घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. फोन करू नका, संगीत ऐकून झालंय.

एक ग्राहक

ता. क. कापडाचे तुकडे कापताना लव (कापडावरचे बारीक उभे तंतू) एकाच दिशेला ठेवायची असते. तुमच्या एका तुकड्याची लव उलटी आहे, त्यामुळे एकाच थानातलं कापड असूनही एक खुर्ची बाकीच्यांपेक्षा गडद दिसते. तीही जास्तच जुनी असेल.